सॅडचे साक्षीदार

माझ्या हातचा फसलेला पाव कुणी मागून नेईल आणि फळीवर मांडून ठेवील, असं मला वाटलं नव्हतं. पण तसं झालं, आणि सरांची माझी ओळख तिथूनच सुरू झाली.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. सोनईच्या पुढं एका गावात मिशनची मुलींची शाळा होती आणि शाळेला लागून वसतिगृह. मी शिवण शिकवायची आणि वसतिगृह सांभाळायची. माझं माहेर राहात्याचं, वडिलांची पेरूची बाग. माणसं कामाला लावायची आणि त्यांना वेळेवर जेवायला घालायचं, एवढं मला घरीच शिकायला मिळालं होतं. वसतिगृहाच्या मागं कुणा जुन्या मडमेनं बांधून घेतलेली पावाची भट्टी होती, कित्येक वर्षं बंद. मदतीचा मैदा येऊन पडला होता, तो किडण्याआधी संपवावा म्हणून मी ती पेटवली. खमीर काही धरलं नाही. पाव बाहेर आला तो विटेसारखा. आमची स्वयंपाकीण द्वारकामावशी तो हातात तोलून म्हणाली, "बाई, ह्यानं कुनाचं डोस्कं फुटंल, पोट न्हाई भरायचं."

ही बातमी कंपाउंडच्या दुसऱ्या टोकाला पोचली आणि सर आले. ते शाळेत इंग्रजी शिकवायचे. उंच, वाळके, अंगात बारा महिने काळा कोट आणि कोटाच्या खिशात खडूची भुकटी. त्यांनी पावावर बोटाच्या पेरानं ठोकलं, कलिंगड बघतात तसं, आणि कान लावून ऐकलं.

"बाई, हा सॅड पाव आहे," ते म्हणाले. "न फुगलेल्या जड पावाला जुन्या इंग्रजीत सॅड म्हणतात. मी किती वर्षं शोधतोय. तुम्ही कसा केलात?"

फसलेल्या पदार्थाची कृती मला आयुष्यात तेवढ्या एकाच माणसानं विचारली. मी सांगितली. त्यांनी पाव रुमालात बांधला आणि नेला.

सरांचं इंग्रजी कसं होतं ते सांगायला हवं. मिशनचे साहेब परत गेले तेव्हा त्यांनी सरांना एक मोठा इंग्रजी कोश देऊन टाकला होता, बऱ्याच खंडांचा. एका पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागली आणि सगळे खंड गेले. एस अक्षराचा एक खंड तेवढा टेबलावर वाचायला काढलेला होता म्हणून वाचला. दुसरा कुणी हळहळला असता. सर म्हणायचे, "एवढाच वाचायला एक जन्म पुरत नाही बाई. बाकीचं वाळवीला माफ." त्यामुळे एसनं सुरू होणाऱ्या शब्दांबद्दल त्यांना विचारावं, आणि इतर शब्दांबद्दल शक्यतो विचारू नये. कुणी चिडवलंच तर त्यांचं उत्तर तयार असे. आपल्या जिल्ह्यातली गावं मोजा म्हणायचे. सोनई, शिर्डी, शेवगाव, संगमनेर, श्रीगोंदा, श्रीरामपूर. निम्मा जिल्हा माझ्या खंडात बसतो, उरलेल्या निम्म्यासाठी कशाला जीव टाकायचा.

पण एसमध्येही त्यांचा जीव होता तो सॅड या एकाच शब्दावर. त्याचं कारण त्यांनी मला एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं. बायको गेल्यापासून ते जेवायला वसतिगृहात यायचे आणि आले की रिकामे बसायचे नाहीत. बायको गेली तेव्हा नगरहून मिशनची माणसं भेटायला आली होती. इंग्रजीत सांत्वन करणाऱ्या प्रत्येकानं हा शब्द वापरला. सर्वजण गेल्यावर त्यांनी तो कोशात काढून पाहिला, तर पहिलाच अर्थ होता, पोट भरलेला, तृप्त. "मला वाटलं, कोश चुकला," ते म्हणाले. "मग खाली वाचत गेलो. वाचता वाचता दिवस मावळला. ती गेल्यापासून आपोआप मावळलेला तो पहिला दिवस."

एवढं सांगून त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि तृप्त माणसाचा दुःखी माणूस कसा झाला ते समजावलं. पोट भरलं की माणूस जड होतो. जड झाला की जागचा हलत नाही. हलत नाही तो भरवशाचा. भरवशाचा माणूस गंभीर असतो. आणि गंभीर माणसाचा चेहरा बघून लोकांना वाटायला लागलं की याला काहीतरी दुःख आहे. "एवढीच गोष्ट," ते म्हणाले. "हजार वर्षं लागली."

मला ती पटली. आमच्या राहात्यात जेवून उठलेल्या पुरुषांचे चेहरे बघितले तर अजूनही कुणाला तसं वाटेल.

सरांचे वडील नेवाशाच्या कोर्टात पट्टेवाले होते. साक्षीदारांचा पुकारा करायचं काम त्यांचं. त्यामुळे कोशात छापलेला अर्थ सर तसाच मानायचे नाहीत. प्रत्येक अर्थाला साक्षीदार पाहिजे, तोही याच पंचक्रोशीतला, डोळ्यांनी दिसणारा, हातात धरता येणारा. खोलीत त्यांनी एक लांब फळी ठोकली होती आणि तिच्यावर सॅडचे साक्षीदार ओळीनं मांडले होते. जड, चिवट जमिनीलाही सॅड म्हणत, म्हणून काळ्या रानातलं एक ढेकूळ. सॅड इस्त्री म्हणजे निखारे न घालता चुलीवर तापवायची भरीव इस्त्री. ती मडमेच्या काळातली, शाळेच्या धोब्याकडून मागून आणलेली. गडद, उदास रंगाला सॅड रंग म्हणत, म्हणून माझ्याकडून एक चिंधी नेली होती. मी कायम विटकरी नाहीतर काळपट जांभळं नेसायची, मळ दिसत नाही म्हणून. माझ्या साड्यांना इंग्रजीत इतका जुना शब्द आहे हे ऐकून मला बरंच वाटलं.

गाढ झोपेलाही एके काळी सॅड म्हणत. त्या अर्थाचा साक्षीदार म्हणजे आमच्या वॉचमनची शिट्टी. वॉचमन भरदुपारी फाटकाजवळच्या लिंबाखाली झोपला असताना सरांनी ती त्याच्या गळ्यातून काढून घेतली आणि त्याला कळलं नाही, हाच पुरावा. वॉचमन चोरीची तक्रार घेऊन माझ्याकडं आला. मी विचारलं, शिट्टी गळ्यातून गेलीच कशी? तो तक्रार मागं घेऊन परत गेला.

भरवशाचा, न हलणारा, या अर्थासाठी सरांनी फाटकाजवळची लोखंडी मेख धरली होती. साहेबाचा घोडा तिला बांधत. ती उपसायला त्यांनी दोन माणसं लावली, निघाली नाही. मग फळीवर त्या जागी नुसता खडूनं फाटकाकडं बाण काढला. काही साक्षी जागेवर जाऊन घ्याव्या लागतात, कोर्टही जातं, असं त्यांचं म्हणणं.

दुःखाचा साक्षीदार मात्र फळीवर कुठंच नव्हता. मी एकदा विचारलं. म्हणाले, "तो अर्थ सगळ्यांत नवा बाई. त्याचा वशिला मोठा आहे. त्याला माझ्या फळीची काय गरज?"

आणि फळीची डावीकडची पहिली जागा रिकामी होती. ती रोज पुसलेली असे. ती तृप्त या अर्थाची.

शाळेत सरांबद्दल सगळ्यांचं मत चांगलं होतं असं नाही. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यांना भ्यायच्या, कारण सहामाहीला धडे निम्मेच व्हायचे. एका शब्दावर तास जायचा. मुलींना ढेकूळ हातात देऊन तो शब्द वापरायला लावायचे. तरी इंग्रजीत मुली नापास होत नसत. का, ते कुणाला कळत नव्हतं, आणि ज्या गोष्टीला धक्का न लावता चालतंय तिला लावू नये हे मोठ्या बाईंना कळत होतं.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. आधीचं वर्षही कोरडंच होतं, पण त्या वर्षी विहिरी खरवडून झाल्या. पाणी बैलगाडीच्या टाकीतून यायचं. ज्वारी दिसेनाशी झाली आणि अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, आली, तिची भाकरी थापताना फाटायची आणि गिळताना अडकायची. गावातली निम्मी माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर. मी वसतिगृहात दोन नियम केले. ताटं राखेनं घासायची, आणि ताटात हात धुवायचा नाही. आपल्याकडं जेवण झालं की ताटात पाणी सोडून हात धुतात. त्यानंतर वाढणारा वाढत नाही. मी सांगितलं, जेवण झालं तर तोंडानं सांगा, पाणी घालवू नका.

त्याच उन्हाळ्यात सर निवृत्त होणार होते. खोली सोडायची आणि नाशिकला मुलीकडं जायचं ठरलं होतं. आणि फळीवरची पहिली जागा अजून रिकामी होती. मुलीकडं एक ट्रंक आणि एस, एवढंच न्यायचं होतं, पण खटला अर्धवट टाकून जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. चांगल्या सुगीच्या वर्षांत तृप्त माणूस सापडला नव्हता. तो आता या वर्षी, काही महिन्यांत शोधायचा. गाव त्यांना हसत होतं. दुष्काळात मास्तर जेवलेला माणूस हुडकत हिंडतोय, असं पारावर म्हणायचे.

खरं म्हणजे पोटभर जेवणारे होतेच. सर मुद्दाम राहात्याकडच्या एका बागायतदाराच्या घरच्या लग्नाला गेले, माझ्याच वडिलांबरोबर. तिथं जिलबी होती. परत आले ते नाराज. "नको नको म्हणत होते आणि ताट पुढं करत होते," म्हणाले. "हे भरलेले होते बाई, तृप्त नव्हते." त्यांनी हळूहळू अटी पक्क्या केल्या. समोर अन्न असताना माणसानं पुरे म्हटलं पाहिजे. आजारी आहे म्हणून नाही, उपास आहे म्हणून नाही, भीड पडली म्हणून नाही. आणि सगळ्यांत मोठी अट, दुसऱ्या कुणासाठी ठेवायचं म्हणून नाही.

या शेवटच्या अटीवर सगळं गाव बाद झालं. त्या वर्षी बायका तर सरसकट बाद.

वसतिगृहातल्या मुलींकडं ते बरेच दिवस बघत बसायचे. एक दिवस जेवणं झाल्यावर मला म्हणाले, "बाई, तुमच्या मुली पुरे म्हणायच्या आधी पातेल्याकडं बघतात."

मी दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं. खरं होतं. पंगत लांब, पातेलं टोकाला उघडं. मोठ्या मुली मान वर करून आत किती उरलंय बघायच्या आणि मग म्हणायच्या, भरलं. लहान मुली मोठ्यांचं बघून. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, घरून येतानाच शिकून आल्या होत्या. मी पातेलं उचललं आणि दाराआड ठेवलं. तिथून वाढायला लागलो. त्या दिवसापासून पीठ जास्त लागायला लागलं, आणि मी ते कुठून आणलं ती वेगळी कथा आहे; दोन खेपा राहात्याला, एक मोठ्या बाईंशी भांडण. पण वसतिगृहाचं पातेलं पुन्हा पंगतीसमोर आलं नाही.

सरांना मात्र साक्षीदार मिळाला नव्हता. शाळेनं त्यांच्या निरोपाची तयारी सुरू केली. शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ असं ठरत होतं. सर मोठ्या बाईंकडं गेले आणि म्हणाले, मला घड्याळ नको. मला एक दुपार वसतिगृहाचा स्वयंपाक करायला द्या आणि द्वारकाबाईंना जेवायला बसवू द्या.

मोठ्या बाईंना वाटलं, उन्हाचा त्रास झाला. मला मात्र लगेच कळलं, आणि मला त्याचंच आश्चर्य वाटलं की हे आधी कसं सुचलं नाही. द्वारकामावशी गेली कितीतरी वर्षं तिथं रांधत होती आणि तिला बसून जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. कधी विचारलं तर म्हणायची, "खाल्लं की मगाशी." मगाशी म्हणजे केव्हा ते कुणी बघायला गेलं नाही. आमच्याकडं रांधणारी शेवटी खाते आणि उभ्यानं खाते, ही रीतच.

परीक्षा झाल्या. मुली आपापल्या गावी गेल्या. वसतिगृह रिकामं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपार ठरली. सरांनी शेवगावकडच्या बहिणीकडून शाळूच्या पिठाची पिशवी आणली, पांढऱ्याशुभ्र जुन्या ज्वारीची, आणि वांगी. ते स्वयंपाक करणार म्हणाले होते, पण त्यांना भाकरी येत नाही हे परातीतलं पीठ बघूनच कळलं. मी त्यांना बाजूला केलं आणि भाकऱ्या मी थापल्या. वाढायचं काम त्यांच्याकडं दिलं.

मावशी दारात उभी. हात कुठं ठेवावे ते तिला कळेना. सर कोट घालूनच वाढायला उभे होते.

"बसा द्वारकाबाई."

"आवं, मी काय पावनी हाय का?"

"आज तुम्ही साक्षीदार आहात."

"मंग कोर्टात न्ह्या की. हितं कशापायी बसवताय?"

"कोर्टच इथं आलंय," सर म्हणाले. त्यांनी पाट असा मांडला होता की चूल आणि पातेलं दोन्ही तिच्या पाठीमागं यावं.

ती बसली. बसली ती पाटाच्या कडेवर, उठायच्या तयारीनं. पहिली भाकरी तिनं भराभर संपवली, उभ्यानं खायची सवय असलेलं माणूस खातं तशी. मग मान वळवायला लागली. सर मध्ये उभे राहिले.

"पोरींस्नी ठिवलंय का?"

"मुली काल घरी गेल्या. तुम्हीच पोचवल्यात एसटीला."

"मोठ्या बाईंचा डबा?"

"पोचला."

"घरी सून हाय माझी, ती कामावरनं यील—"

"तिच्याकडं सकाळीच देऊन आलो. बहिणीनं बांधून दिलेल्या भाकऱ्या आणि भाजी, सगळ्यांपुरती. सावकाश या म्हणाली."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. मी तव्यावरची भाकरी उलटवत म्हटलं, मीही खाणार आहे, माझी वेगळी काढलीय.

"मंग ऱ्हायलं कोन?"

"कोणी नाही," सर म्हणाले.

आपल्यामागं जेवायचं कुणी राहिलेलं नाही, ही गोष्ट तिला पटेना. मनातल्या मनात एकेकाचं नाव घेऊन बघत असावी. मग ती पाटावर मागं सरकली, मांडी घातली आणि म्हणाली, "वाढा."

त्यानंतर ती जेवली. एवढं शिस्तीत जेवलेलं माणूस मी बघितलं नाही. घास बारीक, घाई नाही. मध्येच म्हणाली, "बाई, भाकर कडंला जाड हुती." मी म्हटलं, गप खा. थोड्या वेळानं, "वांग्यात कूट लई झालं." तेही माझंच होतं. सर तव्यापासून ताटापर्यंत आणि ताटापासून तव्यापर्यंत फेऱ्या घालत होते, कोटाला पीठ लागलं होतं, आणि पिशवीतलं पीठ खाली खाली जात होतं. एका वेळी मला खरंच वाटलं की ही पुरे म्हणायच्या आधी पीठ संपणार आणि खटला यंदाही निकालात निघणार नाही. सरांनाही तसं वाटलं असावं. ते माझ्याकडं बघायचे आणि मी नजरेनंच सांगायची, आहे अजून.

शेवटच्या पिठाची भाकरी चांगली फुगली. सर ती तव्यावरून तशीच गरम घेऊन गेले आणि तिच्यासमोर धरली. मावशीनं भाकरीकडं नीट बघितलं. मान मागं वळवली नाही.

"बास," ती म्हणाली. "आता न्हाई."

"आणखी अर्धी?"

"न्हाई वं. भरलं."

आणि तिनं शेजारचा तांब्या उचलला, ताटात पाणी सोडलं आणि हात धुतला. माझा नियम मोडून, माझ्यासमोर. मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मावशी मोठा ढेकर देऊन भिंतीला टेकली, पाय लांब केले आणि तशीच बसून राहिली. तिचा चेहरा इतका गंभीर झाला होता, की ओळख नसलेल्या कुणी पाहिला असता तर विचारलं असतं, काय झालं?

सर हातात भाकरी घेऊन उभेच. मी म्हटलं, झाली ना साक्ष? ते म्हणाले, झाली. मग त्या भाकरीकडं बघत म्हणाले, "हाच साक्षीदार बाई. नको म्हटलेली भाकरी. हीच ठेवायची पहिल्या जागी."

ते खोलीकडं निघाले तोच मावशीनं डोळे न उघडता विचारलं, "कुठं न्हेताय ती?"

"फळीवर ठेवतो."

"शाळूची भाकर? फळीवर? सकाळधरनं तुमच्या पोटात काय हाय?"

सर थांबले. सकाळपासून त्यांनी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं, हे आमच्या दोघींच्याही लक्षात होतं.

"बसा," मावशी म्हणाली. "ऱ्हायलंय कोन आता? खावा ती."

सर तिच्यासमोर जमिनीवर बसले, कोटासकट. मी पातेल्याच्या बुडाची भाजी दिली. त्यांनी साक्षीदार मोडला आणि खाल्ला. सगळा.

दोन दिवसांनी ते एसटीनं नाशिकला गेले, ट्रंक आणि एस घेऊन. फळी मला उतरवायला सांगितली होती. इस्त्री धोब्याला दिली, शिट्टी वॉचमनला; त्यानं ती खिशात घातली, गळ्यात नाही. ढेकूळ कढीपत्त्याच्या आळ्यात फोडलं. चिंधी पोतेऱ्यात गेली. माझा पाव कावळ्यांना टाकला, त्यांनीही तो नेला नाही. फळी चांगली सागवानी होती, ती वाया घालवायची नव्हती. स्वयंपाकघरात पाट कमी पडत होते. सुताराकडून तिचे पाट करून घेतले आणि त्यातला एक द्वारकामावशीसाठी चुलीजवळ ठेवला.